शाळेतला टीव्ही कपाटात का जातो?

खडू_फळा

जालना, परभणी, बीडकडच्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर 'डिजिटल शाळा' असं रंगवलेलं असतं. आत कार्यालयात गेलं की कोपऱ्यात चादर पांघरलेला टीव्ही असतो. २०१५ ला शासनाचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्यानंतर लोकवर्गणीतून गावोगाव टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. २०१७ ला धड्यांचं सरकारी दीक्षा ॲप आलं, पुढं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. क्यूआर कोडची कल्पना प्राथमिक वर्गात रुजवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यातले. त्यामुळं कल्पना लांबून आल्या, आपल्याला कळल्या नाहीत, असं म्हणायला जागा नाही.

तंत्रज्ञान चांगलं की वाईट, हा वाद इथं नको. तो शंभर वेळा झालाय. प्रश्न साधा आहे: एखादी वस्तू वर्गात टिकते कधी, आणि कपाटात जाते कधी? विजेचं कारण सगळेच सांगतात, ते खरंही आहे. पण माझ्या मते मोठं कारण कुलूप आहे. टीव्ही जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, चढला की तो मुख्याध्यापकाच्या नावावरचं ओझं होतो. फुटला, चोरीला गेला, तर वसुली आपल्याच पगारातून, ही भीती. कपाटातला टीव्ही फुटत नाही. वर्गातला फुटू शकतो. मग माणूस काय निवडणार?

दुसरी गोष्ट आकाराची. खरेदीच्या वेळी ती कुणीच मोजत नाही. पडद्यावरचं वाचता यावं असं वाटत असेल, तर शेवटच्या मुलाचं अंतर पडद्याच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा जास्त नको. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंटिमीटर, म्हणजे तो ३.२ मीटरपर्यंतच वाचता येतो. ५५ इंची असेल तर ४.१ मीटर, ७५ इंची असेल तर साडेपाच मीटर. आपली वर्गखोली २० बाय २५ फुटांची धरली तर मागची भिंत साडेसात मीटरवर येते. ४० मुलांचा वर्ग ४३ इंची टीव्हीपुढं बसवला की मागची २० मुलं फक्त उजेड बघतात. आणि मग आपणच म्हणतो, मुलांचं लक्ष नसतं.

टांगायची उंची हा तिसरा घोळ. चोरीच्या भीतीनं टीव्ही सात फुटांवर लावतात. मुलं बसतात बस्करपट्टीवर, त्यांचे डोळे जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर. पंधरा मिनिटांत माना दुखतात. टीव्हीची खालची कड तीन फुटांवर हवी. चोरीची भीती असेल तर त्याला दार असलेली लोखंडी पेटी करा, पण टीव्ही खालीच ठेवा.

विजेचं मला फारसं कळत नाही. ज्यांना कळतं त्यांनी लिहावं.

फेज_न्यूट्रल

लिहितो. आधी एक गैरसमज काढू. 'आमच्याकडं व्होल्टेज कमी असतं म्हणून टीव्ही जळाला' हे जवळजवळ नेहमी चूक असतं. एलईडी टीव्हीच्या मागं प्लेटवर वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. रब्बीत मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज १८० वर आलं तरी तो चालतो. टीव्ही मरतो तो दोन वेळांना: गेलेली लाइट परत येताना जो झटका बसतो तेव्हा, आणि गावात न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटतो तेव्हा. न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर २३० ऐवजी साडेतीनशे-चारशेपर्यंत व्होल्टेज चढू शकतं. त्या दिवशी गल्लीतले सगळे बल्ब, चार्जर, टीव्ही एकदम जातात.

म्हणून स्टॅबिलायझरच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या. एमसीबीच्या शेजारी पट्टीवर बसतो, लहान डबीएवढा असतो. वरची मर्यादा २६५, खालची १७०, आणि लाइट आल्यावर पुन्हा जोडणी व्हायला १२० सेकंद, असं लावा. लाइट आल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच ती सगळ्यात जास्त वरखाली होते.

अर्थिंग. मराठवाड्यात याचा घोटाळा वेगळा आहे, कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि भेग पडली की अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते. जूनमध्ये चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरतं उरतं. तपासायला मल्टिमीटर पुरतो: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा. शाळेतलं सगळं सुरू असताना दोन-तीन व्होल्टपर्यंत आलं तर ठीक. १५-२० आलं तर वायरमन बोलवा, स्वतः उघडू नका. फेब्रुवारीपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी, एवढं काम वर्ग मॉनिटरला देता येतं. आणि थ्री-पिनची जाड पिन तोडून टू-पिनमध्ये खुपसायची सवय सोडा. शाळेत लहान मुलं ओल्या हातानं वावरतात. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, हवाच. त्याच्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर लाइट गेली नाही तर तो मेलेला आहे.

मे-जूनच्या वळवाच्या विजा: ढग दिसले की फक्त बटण बंद करून भागत नाही. प्लग ओढून काढा. डिशची केबल असेल तर तीही काढा. वीज बऱ्याचदा तिच्यातूनच येते.

रांजण

सगळं खरं. पण एवढा खटाटोप करून दाखवायलेत काय? हरभऱ्याला मोड कसे येतात त्याचा व्हिडिओ! अहो, हरभरा शाळेच्या कुंपणापलीकडं आहे. रात्री मूठभर हरभरा भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड मुलांच्या हातात. जे अंगणात आहे ते पडद्यावर दाखवू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे व्हिडिओ गळतील.

मांजराकाठ

रांजण, नियम मान्य. पण त्याची दुसरी बाजूही धरा: जे अंगणातून दिसत नाही त्याच्यासाठीच पडदा. आपल्या भागासाठी एक धडा सुचवतो, करायला सोपा आहे.

कोपर्निकस ब्राउझर ही युरोपची उपग्रह-चित्रांची वेबसाइट फुकट आहे, फक्त खातं काढावं लागतं. त्यात सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मिळतात. हा उपग्रह जून २०१५ मध्ये सोडला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर बाय १० मीटर. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, ते शोधा. तारीख एप्रिल २०१६ ची घ्या. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेच दिवस. चित्र सेव्ह करा. मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचं चित्र घ्या. पावसाळ्यातलं घेऊ नका, ढगांशिवाय काही दिसत नाही. दोन्ही चित्रं शेजारी लावून त्यावर चौकटी आखा. मुलं पाण्याच्या चौकटी मोजतात. एका चौकटीचं क्षेत्रफळ माहीत असलं की भूगोल, क्षेत्रफळ आणि टक्केवारी एका तासात होते. सातवी-आठवीला चालतं. इंटरनेट फक्त शिक्षकाला आणि एकदाच लागतं, कारण वर्गात दोन चित्रंच न्यायची आहेत. तीही छापून नेली तर टीव्हीची गरज नाही.

पाणी निळं दिसेल असं मुलांना वाटतं. गढूळ पाणी तपकिरी दिसतं आणि ओल्या गाळातून वेगळं ओळखू येत नाही. तिथं 'खोट्या रंगातलं' चित्र निवडा. त्यात झाडं लाल आणि पाणी जवळजवळ काळं दिसतं, मोजायला सोपं जातं.

आता व्हिडिओबद्दल. ३५ मिनिटांच्या तासाला सहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ नकोच. क्रम असा ठेवा: आधी फळ्यावर एक प्रश्न. मग आवाज बंद करून पहिली दोन मिनिटं, 'काय चाललंय ते सांगा'. मग आवाजासह. मग जिथं काहीतरी घडणार आहे तिथं थांबवा आणि 'पुढं काय होईल' ते वहीत एका ओळीत लिहून घ्या. लिहून घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही, कारण तोंडी विचारलं की तीच तीन मुलं उत्तर देतात. शेवटी व्हिडिओतली आकृती बंद पडद्यासमोर काढायला लावा. सहा मिनिटांच्या व्हिडिओला असे २५ मिनिटं लागतात. लागली पाहिजेत. सलग लावून शिक्षक नोंदी भरत बसला तर तो तास टीव्हीनं घेतला.

पेनड्राइव्ह_परभणी

इंटरनेटवर भरवसा ठेवून तासाचं नियोजन करूच नका, मनाशी 'नेट नाही' असंच धरा. आदल्या दिवशी सगळं पेनड्राइव्हवर. त्यात काय बिघडतं ते सांगतो, कारण 'पेनड्राइव्ह चालत नाही' ही तक्रार फार असते.

जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पण शाळेच्या व्हिडिओला तेवढी लागतही नाही. आवाज येतो आणि चित्र येत नाही, असं झालं तर व्हिडिओ बहुतेक एच.२६५ प्रकारात आहे. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एच.२६४, ७२० रेषा, एमपी४ असं करून घ्या. फाइलचं नाव देवनागरीत दिलं तर काही टीव्हींवर नुसते चौकोन दिसतात. म्हणून नाव आकड्यांत द्या, पहिले दोन आकडे इयत्ता, पुढचे दोन पाठ, आणि त्याची यादी टीव्हीच्या पेटीवर चिकटवा. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी आलेल्यालाही सापडलं पाहिजे.

दीक्षामध्ये घटक आधी डाउनलोड करून ठेवता येतो, आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर नेटशिवाय पाठवताही येतो. पुस्तकातला क्यूआर कोड शाईनं खराब झाला असेल तर त्याच्याखाली सहा अक्षरी संकेत छापलेला असतो. तो ॲपमध्ये टाइप केला तरी तेच उघडतं. कित्येकांना हे माहीत नसतं आणि पान फाटलं की विषय संपतो.

गणित-विज्ञानासाठी फेट. कोलोरॅडो विद्यापीठाची साधनं, बरीचशी मराठीत आहेत. प्रत्येक साधन एकेक फाइल म्हणून उतरवता येतं आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतं. विद्युत परिपथाचं साधन सहावीच्या पुढं उत्तम. पण आधी खरा सेल, खरी तार, खरा बल्ब. पडद्यावर शॉर्ट सर्किट केलं तर चित्रातली आग लागते. ती खरी लागली तर काय होतं ते मुलाला आधी कळू द्या.

पाच-दहा टॅब धूळ खात असतील तर कोलिब्री हे सॉफ्टवेअर बघा. एका जुन्या लॅपटॉपवर बसवायचं, साधा वायफाय राउटर जोडायचा, टॅबवर ब्राउझर उघडला की सगळं मिळतं. इंटरनेट लागत नाही. त्यात स्टोरीवीव्हरची मराठी गोष्टींची पुस्तकं घालता येतात. मराठी विकिपीडिया अख्खा नेटशिवाय हवा असेल तर किविक्स. हेच काम रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही होतं. त्यात एक खोड आहे: लाइट अचानक गेली की त्याचं मेमरी कार्ड बिघडतं. तो वापरायचाच असेल तर सेटिंगमध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टीम' सुरू करा, म्हणजे कार्डावर लिहिणंच बंद होतं. पण मग मुलांची प्रगतीची नोंदही साठत नाही. म्हणून माझं मत जुन्या लॅपटॉपला. त्याची बॅटरी अर्धा तास टिकत असली तरी तोच त्याचा यूपीएस.

शिक्षिका_८वी_ब

खोलीभर मोठा टच पॅनेल मिळालाय. बोट लावलं नाही तरी आपोआप रेघा उमटतात, मधेच पान बदलतं. कंपनीचा माणूस येईपर्यंत काय करू?

पेनड्राइव्ह_परभणी

@शिक्षिका_८वी_ब, बहुतेक पॅनेलच्या चौकटीत अदृश्य किरणांच्या ओळी असतात. बोटानं किरण अडला की स्पर्श कळतो. तिथं खडूची भुकटी किंवा किडा बसला तरी पॅनेलला तो बोटच वाटतो. बंद करा, चौकटीच्या आतली कड कोरड्या मऊ ब्रशनं चारी बाजूंनी झाडा, कोपरे कापसाच्या काडीनं. पाणी किंवा स्प्रे मारू नका. खिडकीतलं ऊन थेट चौकटीवर पडत असेल तरी हेच होतं, पडदा लावून बघा. आणि त्याच भिंतीवर शेजारी खडूचा फळा असेल तर हा त्रास दर आठवड्याला होणार. एक फळा दुसऱ्या भिंतीवर न्या.

शिक्षिका_८वी_ब

फळा शेजारीच आहे 😄 ऊनही तिथंच येतं सकाळी. धन्यवाद.

गोरमाटी

विजेचं, फाइलींचं झालं. भाषेचं कुणी काढलं नाही. बंजारा तांड्यावरच्या शाळेत, जिथं घरची भाषा गोरमाटी, पहिलीचं मूल घरी आईला याडी म्हणतं, भाकरीला बाटी म्हणतं. मराठी त्याला शाळेतच भेटते. टीव्हीवरची मराठी आणखी वेगळी: पुण्या-मुंबईचा उच्चार, वेगवान, पार्श्वसंगीतासह. गुरुजींच्या मराठीची सवय व्हायला सहा महिने लागतात, तिथं हा व्हिडिओ काय समजणार? तरी मूल टीव्हीकडं टक लावून बघतं, कारण चित्रं हलतात. त्या बघण्याला समजणं धरू नका. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड, शहरांत उर्दू, तिथंही तेच.

उपाय स्वस्त आहे. व्हिडिओचा आवाज बंद, आणि बोलायचं शिक्षकानं. किंवा चित्रं तीच ठेवून आवाज आपला भरायचा. फोनचा रेकॉर्डर पुरतो. पहिल्या वेळी वाक्य गोरमाटीत, लगेच तेच मराठीत, तिसऱ्यांदा फक्त मराठीत. तांड्यावरचीच पाचवी-सहावीची मुलगी गोरमाटी भाग वाचून देते. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून रेकॉर्डिंग बाहेर झाडाखाली किंवा गोधड्या टांगलेल्या खोलीत करा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका धरा, समोर धरला की 'प', 'फ', 'भ' फुटतात.

ऐकवतानाही पत्र्याचा त्रास आहेच. स्पीकर टीव्हीखाली ठेवून आवाज वाढवू नका, आवाज वाढवला की घुमणं वाढतं. स्पीकर मुलांच्या मधोमध जमिनीवर ठेवा आणि आवाज कमी करा.

कोयता_आणि_पाटी

गोरमाटींच्या मुद्द्याला जोडून. बीडकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांचं सोडा, बरोबर गेलेल्या मुलांचं काय? व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकून 'ऑनलाइन शिक्षण सुरू' म्हणणं सोपं आहे. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, लाइट नसते. फोन चार्ज होतो तो मुकादमाकडं नाहीतर ट्रॅक्टरवर, तोही घरात एकच आणि दिवसभर बापाच्या खिशात. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत सगळ्यांनी व्हिडिओच पाठवले. तेव्हाचा धडा हाच होता की व्हिडिओ ही सगळ्यात महाग वस्तू आहे: डेटा खातो, बॅटरी खातो आणि डोळे अडकवतो.

आवाज स्वस्त पडतो. ३२ केबीपीएस, मोनो, एमपी३ असं केलं तर एका मिनिटाला २४० केबी लागतात. पाच मिनिटांचा पाठ १.२ एमबी, २०० पाठ केले तरी २४० एमबी. आठ जीबीच्या मेमरी कार्डात चार इयत्तांचं भागतं, आणि बटणांचा फोनही ते वाजवतो. टोळी निघायच्या आधी कार्ड पालकाच्या फोनमध्ये घालून एकदा वाजवून दाखवायचं, नुसतं हातात द्यायचं नाही. पाठाची रचना अशी: एक मिनिट गोष्ट किंवा कविता, मग 'आता थांबव आणि पाटीवर लिही', दहा सेकंद शांतता, मग उत्तर. शांतता ठेवली नाही तर मूल थांबवत नाही, ऐकत राहतं. गणिताला खडे किंवा उसाच्या कांड्या मोजायला सांगा, त्या तिथं भरपूर असतात. स्थलांतरात दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतात, त्याबरोबर हे मेमरी कार्डही द्या. तिथल्या शाळेत बसलं तर बसलं, नाही बसलं तरी मूल अक्षराला धरून राहतं.

टाचणवही

खडू_फळांनी कुलपाचा मुद्दा काढला, त्यावर उत्तर कागदाचंच आहे. टीव्ही आला त्या दिवशी जडवस्तू नोंदवहीत मॉडेल आणि अनुक्रमांकासह नोंद करा, पावतीची झेरॉक्स मागं चिकटवा. लोकवर्गणीतला असेल तर देणगीपत्रही. मग शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या: ही वस्तू अमुक वर्गात रोज वापरायची आहे, वापरातल्या नैसर्गिक बिघाडाची दुरुस्ती शाळा अनुदानातून होईल, किल्ली अमुक दोघांकडं. ठरावात 'रोज वापर' हा शब्द हवा. नंतर कुणी विचारलं 'वर्गात का ठेवला होता', तर उत्तर तयार असतं. सोबत एक शंभर पानी वही: तारीख, इयत्ता, पाठ, किती मिनिटं, बिघाड. एका ओळीत. तपासणीला हीच वही खरी.

पैशाचं बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पटापर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं. म्हणून बिलावरची दर-वर्गवारी वाचा. शासकीय शाळा 'सार्वजनिक सेवा'मध्ये येते. 'वाणिज्यिक' छापलेलं असेल तर शाळेच्या पत्रासह वर्गवारी बदलाचा अर्ज द्या, नाहीतर वर्षानुवर्षं जास्त भरत राहाल. बिल थकून मीटर काढून नेलं तर वरची सगळी चर्चा वाया.

मेलेलं सामान साठवू नका. निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव वेळेवर पाठवा. जुनी इन्व्हर्टर बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना दुकानदाराला परत द्या, किंमतही मिळते. शिसं आणि ॲसिड शाळेच्या मागच्या खोलीत मुलांच्या हाताला लागणं धोक्याचं आहे.

आणि एक वेगळा विषय, पण याच धाग्यातला. उपक्रमाचे फोटो. मुलांचे चेहरे, नावं, गाव, शाळेचा गणवेश, सगळं एका पोस्टमध्ये टाकायची स्पर्धा लागलीय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि तिच्या माहितीसाठी पालकाची संमती धरली आहे. फोटो वहीचा काढा, हाताचा काढा, पाठमोरा काढा. आधारची झेरॉक्स पालकांच्या ग्रुपवर मागवू नका. मागायचीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली, तीही खासगीत, आणि काम झालं की फोनमधून पुसा.

रांजण

फोटोचं लई बरोबर बोललात. हजेरी नाही, पण फोटो रोज.

मांजराकाठ

मुलांच्या हातातल्या फोनबद्दल थोडं. 'असर' या शिक्षण अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यातली आठवड्याभरात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. म्हणजे फोन शिकवायची गरज नाही, फोनवर काय खरं ते तपासायला शिकवायचंय. आठवीपुढं एक तास असा घ्या: ग्रुपवर फिरणारी दोन छायाचित्रं घ्या, गुगल लेन्सनं आधी कुठं आलीत ते शोधा, तारीख फळ्यावर लिहा. पूर आपल्या जिल्ह्याचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच राज्यातला निघाला, हे मुलानं स्वतः शोधलं की पुन्हा सांगावं लागत नाही. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, पहिल्या तासात केला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. हा आकडा मुलांना पाठ हवा, कारण घरातले ओटीपी बऱ्याचदा मुलंच वाचून देतात.

गृहपाठाचा फोटो काढून एआयकडून निबंध आणतात, अशी ओरड आहे. 'माझा आवडता ऋतू' दिला तर आणणारच. 'आपल्या गावचा आठवडी बाजार: तीन भाज्यांचे या आठवड्याचे भाव, आणि एक भाव का वाढला ते विक्रेत्याला विचारून' असं द्या.

प्रश्नपत्रिका_छापखाना

एक छोटा प्रश्न. तालुक्यावरून आलेली प्रश्नपत्रिका आमच्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. काय उपाय?

पेनड्राइव्ह_परभणी

ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा, छापायला तेवढं पुरतं. बदल करायचे असतील तर फाँटचं नाव विचारून परिवर्तक वापरा. मग एकेक ओळ वाचा, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. पुढं स्वतः टाइप करताना युनिकोड फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला की हात बसतो. 'दऱ्या'तला अर्धा र येत नाही म्हणून लोक 'दर्या' लिहितात आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ: ऱ्य.

खडू_फळा

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. फेज_न्यूट्रल, इन्व्हर्टरचं राहिलं. दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर दिवस निघतो का? आणि मे महिन्यात शाळा बंद असते तेव्हा तिचं काय करायचं? जूनमध्ये उघडावं तर बॅटरी मेलेली, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

फेज_न्यूट्रल

हिशेब असा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. पण निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये पाचवा भाग जातो, उरले ७२०. टीव्ही ८०, स्पीकर आणि बाकी किरकोळ २०, एक पंखा ७५, मिळून १७५ वॅट. चार तास निघतात. दोन पंखे आणि कार्यालयाचा प्रिंटर त्यावर टाकला की गणित कोलमडतं. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर कधीच नको, गरम होताना तो एकदम प्रचंड वीज ओढतो. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्यालाही इन्व्हर्टर लागतोच: लाइट गेली की पंखा थांबतो, दिवा गरम राहतो आणि लवकर जातो. म्हणून आपल्याकडं टीव्ही बरा.

सुट्टीचं: शेवटच्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करा. डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत, नळाचं किंवा बोअरचं अजिबात नाही, आपल्याकडच्या बोअरमध्ये क्षार फार. हायड्रोमीटर १२५० च्या वर दाखवतोय ना ते बघा. मग इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची ऋण तार काढा. तार जोडलेली ठेवली तर बंद इन्व्हर्टरही थोडं थोडं ओढत राहतो. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत बॅटरी आपोआपही उतरते, आणि उतरलेली पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. तो मग निघत नाही. म्हणून बॅटरी शाळेतल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, पण खिडकी उघडी राहील अशा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी जाऊन एक दिवसभर चार्जिंगला लावा आणि पुन्हा तार काढा. पंधरा जूनला टर्मिनल कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, झाकणं घट्ट ठेवून, पाणी आत जाऊ देऊ नका. पुसून व्हॅसलीन लावा, आणि मग जोडा.

खडू_फळा

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोण जाणार ते समितीच्या ठरावातच घालतो.

टाचणवही

किल्ली कुणाकडं राहील तेही घाला त्याच ठरावात.